शस्त्रक्रियेआधीचे सहा महिने

वाचकाचे पत्र

माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. दोन महिन्यांपूर्वी त्यांना कावीळ झाली आणि तपासण्यांमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याशी साडेतीन सेंटिमीटरची गाठ निघाली. पित्तनलिकेत स्टेंट बसवला असून बायोप्सीत कर्करोगाचे निदान झाले आहे. यकृत आणि फुफ्फुसे स्वच्छ आहेत. सीटी स्कॅनच्या अहवालात लिहिले आहे की गाठीचा एसएमएशी सुमारे १२० अंशांचा संपर्क आहे, पोर्टल व्हेन काही ठिकाणी अरुंद झाली आहे आणि आजार 'बॉर्डरलाइन रिसेक्टेबल' आहे. डॉक्टर म्हणतात की आधी चार महिने केमो, मग साडेपाच आठवडे केमोरेडिएशन आणि त्यानंतर पुन्हा स्कॅन करून शस्त्रक्रियेचा विचार करू. माझ्या भावाला हे अजिबात पटत नाही. कर्करोगाची गाठ सहा महिने पोटात ठेवायची कशी, असे तो विचारतो. दुसरे एक सर्जन लगेच शस्त्रक्रिया करायला तयारही आहेत. रेडिएशनमुळे आतले सगळे एकमेकांना चिकटते आणि मग गाठ निघतच नाही, असेही आम्हाला कोणी सांगितले. वडिलांचे वजन नऊ किलोंनी घटले आहे. त्यांना आम्ही अजून फक्त 'गाठ आहे' एवढेच सांगितले आहे. आम्ही थांबावे की दुसरीकडे जावे?

उत्तर

तुम्ही अहवालातले जे वाक्य जसेच्या तसे उतरवून पाठवले आहे, त्यातच तुमच्या भावाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. एसएमए म्हणजे महाधमनीतून निघून जवळजवळ संपूर्ण लहान आतड्याला आणि मोठ्या आतड्याच्या बऱ्याच भागाला रक्त पुरवणारी धमनी. तिची जाडी साधारण पेन्सिलीएवढी असते आणि ती स्वादुपिंडाच्या अगदी पाठीमागून खाली उतरते. सीटी स्कॅनवर ती आडवी कापलेली, पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसते; तिच्याभोवती चरबीचे एक काळे कडे असते आणि निरोगी माणसात ते अखंड असते. तुमच्या वडिलांच्या स्कॅनमध्ये या कड्याचा एक तृतीयांश भाग, म्हणजे ३६० पैकी १२० अंश, गाठीच्या करड्या रंगाने पुसला गेला आहे. हा संपर्क १८० अंशांपर्यंत असेल तर आजाराला बॉर्डरलाइन, म्हणजे गाठ काढता येण्या-न येण्याच्या सीमेवरचा, म्हणतात आणि त्याहून अधिक असेल तर लोकली अ‍ॅडव्हान्स्ड. पोर्टल व्हेन ही आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणारी शीर. ती अरुंद झाली असेल तर तेवढा तुकडा कापून दोन टोके शिवता येतात आणि अनुभवी हातांना ते आज नेहमीचे काम आहे. धमनीचे तसे नसते. तिच्याभोवती मज्जातंतूंचे दाट जाळे असते, या रोगाच्या पेशी त्या तंतूंच्या कडेकडेने सरकत जातात, आणि धमनी कापून जोडण्याचा धोका इतका मोठा असतो की बहुतेक रुग्णांत तो पत्करण्याजोगा नसतो.

म्हणून लगेच पोट उघडले, तर सर्जन धमनीपर्यंत पोहोचेल, गाठ तिच्यावरून सोलून काढेल आणि पॅथॉलॉजीच्या अहवालात कडेवर रोग शिल्लक असल्याची नोंद येण्याची शक्यता बरीच मोठी राहील. मी स्वतः सर्जन आहे आणि उमेदीच्या काळात अशी पोटे उघडलेली आहेत. गाठ धमनीला घट्ट बसलेली हाताला लागते, मग ती काढण्याऐवजी फक्त बायपास करून पोट शिवावे लागते, आणि बाहेर थांबलेल्या घरच्यांना जाऊन ते सांगावे लागते. त्या रुग्णाचे पुढचे सहा आठवडे जखम भरून येण्यात जातात आणि तेवढा काळ रोगावर कसलेच औषध चालू नसते. वेळ वाया जाण्याची तुमच्या भावाला वाटणारी भीती खरी आहे. पण अशा आजारात वेळ वाया जातो तो बहुधा घाईच्या शस्त्रक्रियेनंतर.

त्याच्या प्रश्नातला एक शब्द मात्र मी बदलू इच्छितो. गाठ सहा महिने पोटात 'ठेवली' जाणार नाही, त्या सहा महिन्यांत तिच्यावर उपचार चालू असतील. शिवाय हे उपचार केवळ गाठीसाठीही नसतात. स्वादुपिंडाचा कर्करोग साडेतीन सेंटिमीटरचा होईपर्यंत त्याच्या काही पेशी रक्तातून निघून गेलेल्या असतात, हे गृहीत धरूनच आम्ही चालतो. यकृत स्वच्छ आहे याचा अर्थ एवढाच की त्यात स्कॅनला दिसण्याएवढे मोठे काही नाही. शस्त्रक्रिया गाठ काढते, पण निघून गेलेल्या पेशींना हात लावू शकत नाही. तिथे केमोच पोहोचते. शस्त्रक्रिया आधी आणि केमो नंतर असा क्रम ठेवला, तर एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या अशक्तपणामुळे किंवा गुंतागुंतीमुळे बऱ्याच रुग्णांना ती केमो पूर्ण घेता येत नाही, काहींना तर सुरूच करता येत नाही. क्रम उलटा केला की अंगात ताकद असतानाच औषध सगळ्या शरीरात फिरते.

याला आणखी एक बाजू आहे आणि ती कठोर आहे, पण ती तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. या चार-सहा महिन्यांत काही रुग्णांच्या यकृतात नव्या गाठी दिसू लागतात. त्या उशीर झाल्यामुळे आल्या असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात त्यांचे बीज आधीच पडलेले असते, आणि शस्त्रक्रिया पहिल्याच आठवड्यात झाली असती तरी त्या आल्याच असत्या, फक्त पोटावरच्या ताज्या जखमेसकट. ज्यांना शस्त्रक्रियेचा उपयोग होणार नव्हता त्यांची तिच्यापासून सुटका होते, हासुद्धा या क्रमाचा एक फायदाच आहे.

आता तुमच्या डॉक्टरांच्या योजनेतल्या दोन भागांकडे वेगवेगळे पाहू, कारण त्यांच्यामागचा पुरावा सारख्या वजनाचा नाही. चार महिन्यांच्या केमोबद्दल फारसा वाद उरलेला नाही. फॉल्फिरिनॉक्स या नावाने ओळखले जाणारे चार औषधांचे मिश्रण दूर पसरलेल्या रोगात जेमसिटाबिन या जुन्या औषधापेक्षा सरस असल्याचे २०११ साली एका फ्रेंच चाचणीत दिसले. तिथे निम्मे रुग्ण जिवंत राहण्याचा काळ ६.८ महिन्यांवरून ११.१ महिन्यांवर गेला. त्यानंतर हेच मिश्रण शस्त्रक्रियेआधीच्या टप्प्यात वापरले जाऊ लागले. ज्यांना ते झेपत नाही त्यांना जेमसिटाबिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल ही जोडी देतात. तुमच्या वडिलांना यातले नेमके काय देणार आहेत ते तुम्ही लिहिलेले नाही. डॉक्टरांना जरूर विचारा.

रेडिएशनचा भाग अधिक गुंतागुंतीचा आहे. शस्त्रक्रियेआधी केमोरेडिएशन, म्हणजे केमोच्या जोडीने रेडिएशन, देण्याच्या बाजूने सर्वांत भक्कम चाचणी नेदरलँड्समधली, प्रीओपँक नावाची. तिच्यात २४६ रुग्ण होते; एका गटावर थेट शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्या गटाला आधी जेमसिटाबिनसह रेडिएशन देण्यात आले. २०२० साली पहिले निष्कर्ष आले तेव्हा फरक फार मोठा वाटला नाही, कारण निम्मे रुग्ण जिवंत राहण्याचा काळ केमोरेडिएशनच्या गटात १६ महिने आणि थेट शस्त्रक्रियेच्या गटात १४.३ महिने होता. पण २०२२ साली पाच वर्षांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा केमोरेडिएशन घेतलेल्यांपैकी २०.५ टक्के हयात होते आणि थेट शस्त्रक्रियेच्या गटातले ६.५ टक्के. सरासरीच्या आकड्याने जे झाकून टाकले होते ते उशिरा उघड झाले: बहुतेकांच्या वाट्याला सारखेच आले, पण एका छोट्या गटाला खूप काही मिळाले. ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांच्यात गाठीच्या कडा पूर्ण स्वच्छ निघण्याचे प्रमाणही सुमारे ४० टक्क्यांवरून ७० टक्क्यांच्या घरात गेले. मात्र त्या चाचणीतली केमो जुनी, एकट्या जेमसिटाबिनची होती. आज चार औषधांची केमो आधीच दिली जात असताना त्यावर रेडिएशनची भर घालून किती मिळते, हा प्रश्न वेगळा आहे.

त्याची उत्तरे अजून एका सुरात आलेली नाहीत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत बॉर्डरलाइन रुग्णांच्या एका गटाला फक्त सुधारित फॉल्फिरिनॉक्स दिले आणि दुसऱ्याला त्याच्या जोडीने मोजक्या, पण मोठ्या मात्रांचे रेडिएशन. अठरा महिन्यांनी पहिल्या गटातले ६६.७ टक्के हयात होते आणि रेडिएशनच्या गटातले ४७.३ टक्के, रेडिएशनचा गट तर मधल्या पाहणीनंतरच बंद करावा लागला. चाचणी लहान होती आणि तुमच्या वडिलांना सुचवलेले साडेपाच आठवड्यांचे रेडिएशन त्या प्रकारचे नाही, तरीही आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. नेदरलँड्सच्याच गटाने पुढे रेडिएशनविना फॉल्फिरिनॉक्स आणि जेमसिटाबिनसह केमोरेडिएशन यांची तुलना केली, तेव्हा आयुर्मानात फरक आढळला नाही. आणि शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या रुग्णांवरच्या २०१६ सालच्या चाचणीत केमोरेडिएशनने आयुष्य वाढले नाही, पण जागच्या जागी रोग वाढण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आले.

या सगळ्यातून मी काढलेला अर्थ असा की रेडिएशनचे काम स्थानिक आहे: धमनीभोवतीचे ते १२० अंश. दूर गेलेल्या पेशींवर त्याचा काही अधिकार नाही. म्हणून आजच्या दिवशी तुम्ही होकार द्यायचा आहे तो चार महिन्यांच्या केमोला. रेडिएशनचा निर्णय त्यानंतरच्या स्कॅनवर पुन्हा ट्यूमर बोर्डापुढे, म्हणजे सर्जन, केमो देणारे, रेडिएशन देणारे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर एकत्र बसतात त्या बैठकीपुढे, यावा असे तुमच्या डॉक्टरांना सुचवा. रोग शरीरात इतरत्र शांत असेल पण धमनीजवळचा संपर्क कायम असेल, तर मी स्वतः केमोरेडिएशनच्या बाजूने कौल देईन. संपर्क जवळपास सुटलेला असेल, तर रेडिएशन कशासाठी, हा प्रश्न तुम्ही निःसंकोच विचारावा आणि त्याचे सविस्तर उत्तर मिळावे. असा प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. या विषयावर ते स्वतः आपसात हाच वाद घालत असतात.

चिकटण्याबद्दल तुम्हाला सांगितलेल्या गोष्टीत तथ्याचा अंश आहे. रेडिएशननंतर ऊती तंतुमय आणि कडक होतात, थरांमधली नैसर्गिक फट बुजते आणि शस्त्रक्रियेला अधिक वेळ लागतो. त्यासाठीच ती रेडिएशन संपल्यावर साधारण चार ते आठ आठवड्यांत, सूज उतरलेली पण कडकपणा फार वाढलेला नाही अशा काळात करतात. पण 'मग गाठ निघतच नाही' हे खरे नाही. उलट, कडक झालेल्या स्वादुपिंडात टाका चांगला धरतो. मऊ, लोण्यासारख्या स्वादुपिंडात तो ऊती कापत जातो. त्यामुळे आतड्याशी केलेला सांधा गळण्याची, सर्जनला रात्री झोपू न देणारी गुंतागुंत आधी रेडिएशन घेतलेल्यांत कमीच आढळली आहे.

याच तंतुमयतेमुळे आणखी एक घोटाळा होतो. उपचारांनंतरच्या स्कॅनमध्ये धमनीभोवतीचा करडा भाग बऱ्याचदा होता तसाच दिसतो, अहवालात 'गाठीच्या आकारात लक्षणीय बदल नाही' असे लिहून येते आणि घरात शोककळा पसरते. तो करडा भाग जिवंत रोग आहे की रोग मेल्यावर उरलेला व्रण, हे सीटी स्कॅनला खात्रीने ओळखता येत नाही. म्हणून गाठ वाढलेली नाही, नवे काही उगवलेले नाही, वेदना कमी आहेत, वजन सावरले आहे आणि सीए १९-९ ही रक्तातली खूण उतरली आहे, असे चित्र असेल तर आकार तेवढाच असूनही शस्त्रक्रियेचा प्रयत्न केला जातो. बहुधा आधी दुर्बिणीतून पोटाच्या आतल्या आवरणावर काही बारीक ठिपके नाहीत ना, हे पाहून. सीए १९-९ ची नेहमीची मर्यादा ३७ आहे, पण कावीळ असताना ती कर्करोगाशिवायही वर चढते, त्यामुळे बिलिरुबिन उतरल्यानंतर केलेली चाचणीच तुलनेचा पाया धरावी. शंभरातल्या पाच ते दहा जणांच्या शरीरात हा पदार्थ तयारच होत नाही. वडिलांचा आकडा सुरुवातीपासून अगदी नगण्य असेल तर त्यावरून चांगला किंवा वाईट, कोणताच अर्थ काढू नका.

दुसऱ्या सर्जनांना भेटू नका असे मी म्हणणार नाही. दुसरे मत हा तुमचा हक्क आहे, आणि माझ्या अहवालावर कोणी दुसऱ्याचे मत घेतले तर मला बरेच वाटते. पण त्यांच्याकडे जाताना स्कॅनची सीडी न्या, कारण केवळ कागदी अहवालावर कोणी शस्त्रक्रियेची तारीख देत असेल तर ते मत नव्हे. त्यांना विचारा की धमनीवरच्या १२० अंशांचे ते नेमके काय करणार आहेत, शीर कापून जोडावी लागली तर ती तयारी त्यांच्याकडे आहे का, आणि वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया त्यांच्या रुग्णालयात होतात. शेवटचा प्रश्न उद्धट वाटला तरी विचाराच. या शस्त्रक्रियेला व्हिपल म्हणतात. तिच्यात स्वादुपिंडाचे डोके, ड्युओडेनम म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि कधी जठराचा काही भाग काढून तीन ठिकाणी नवे सांधे करायचे असतात. जिथे त्या वारंवार होतात तिथे मृत्यूचे प्रमाण कमी असते, हे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे.

आता त्या नऊ किलोंकडे वळतो, कारण माझ्या मते तुमच्या घरात या आठवड्यात करण्यासारखे सर्वांत मोठे काम तेच आहे आणि पत्रात त्याला एकच ओळ मिळाली आहे. वडिलांची शौच फिकट, चिकट, तेलकट, दुर्गंधीयुक्त आणि पाण्यावर तरंगणारी आहे का, हे त्यांना सरळ विचारा. तशी असेल, तर गाठीमुळे स्वादुपिंडाची नळी तुंबली आहे, पाचक रस आतड्यात उतरत नाही, आणि ते जे खातात त्यातले स्निग्ध पदार्थ न पचता बाहेर पडत आहेत. अशा वेळी घरचे लोक काळजीपोटी तेलतूप बंद करतात, आणि वजन आणखी घसरते. याचा उपाय म्हणजे स्वादुपिंडाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल. मुख्य जेवणाला साधारण ५०,००० युनिट आणि मधल्या खाण्याला २५,००० अशी सुरुवात करतात, आणि शौचाकडे पाहून डॉक्टर मात्रा वाढवतात. बहुतेक ठिकाणी चूक होते ती घेण्याच्या वेळेत. कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घ्यायची आणि दोन असतील तर दुसरी जेवणाच्या मध्यावर. अन्न आणि एन्झाइम एकत्र आतड्यात पोहोचले तरच त्याचा उपयोग. जेवण उरकल्यावर आठवण झाली म्हणून घेतलेली कॅप्सूल जवळपास वायाच जाते, आणि उपाशीपोटी घेतलेली पूर्णपणे. ती चघळायचीही नाही. मी एका रुग्णाच्या मुलीला कॅप्सूलची डबी ताटातच ठेवायला सांगितले होते. तिने त्याला मिठाशेजारची जागा दिली, आणि विसरणे थांबले.

याच्याच जोडीने रक्तातली साखर तपासून घ्या, कारण या रोगात मधुमेह नव्याने उद्भवतो किंवा असलेला बिघडतो आणि वजन त्यामुळेही उतरते. दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खाणे, प्रथिने पुरेशी आणि रोज अर्धा तास चालणे, एवढे आतापासून सुरू करा. चालणे हे मी सहज लिहीत नाही. सहा महिन्यांनी भूल देणारे डॉक्टर वडिलांकडे पाहून त्यांना शस्त्रक्रिया झेपेल का ते ठरवतील, तेव्हा स्कॅनइतकेच वजन त्यांच्या पायांतल्या ताकदीला असेल.

केमो कशी असते, याची थोडक्यात कल्पना देतो. छातीवर कातडीखाली पोर्ट, म्हणजे शिरेत औषध सोडण्याची छोटी डबी, बसवतात. फॉल्फिरिनॉक्स असेल तर दर १४ दिवसांनी रुग्णालयात काही तास औषध जाते आणि एक औषध हातात मावेल अशा पंपातून ४६ तास घरी थेंबथेंब चालू राहते. त्यातल्या ऑक्झालिप्लॅटिनमुळे गार पाणी घशाला टोचते, गार वस्तू हातात धरवत नाही आणि बोटांत मुंग्या येतात. मुंग्या दोन सायकलींच्या, म्हणजे औषधाच्या दोन फेऱ्यांच्या, मध्येही राहू लागल्या तर ते सांगितलेच पाहिजे, सहन करत बसू नये. इरिनोटेकॅनने जुलाब होतात. त्यावरची गोळी घरात आधीच आणून ठेवा. फाइव्ह-एफयू (पंपातले औषध) आणि कॅपेसिटाबिन (त्याच वर्गातली गोळी) ही औषधे शरीरात मोडण्यासाठी लागणारे डीपीडी हे एन्झाइम काही थोड्या लोकांत कमी असते आणि त्यांना ही औषधे घातक ठरतात, म्हणून पहिल्या सायकलीआधी ती चाचणी होणार आहे का, हे विचारा.

केमोरेडिएशनचे दिवस त्यामानाने शांत असतात, फक्त कंटाळवाणे. सोमवार ते शुक्रवार रोज एकदा, प्रत्येक वेळी १.८ ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक), अशा २८ फेऱ्यांत एकूण ५०.४ ग्रे, हे साडेपाच आठवड्यांचे नेहमीचे गणित आहे. पहिल्या दिवशी वडिलांच्या पोटावर आणि दोन्ही कुशींवर तिळाएवढे गोंदणाचे ठिपके काढतील. त्या ठिपक्यांवर लेझरच्या रेषा जुळवून रोज त्यांना त्याच स्थितीत, हात डोक्यावर घेऊन, बहुधा तीन तास उपाशीपोटी झोपवतील. यंत्र काही मिनिटे त्यांच्याभोवती फिरेल आणि त्यांना काहीही जाणवणार नाही. त्याच दिवसांत कॅपेसिटाबिनच्या गोळ्या असल्या तर त्या सकाळ-संध्याकाळ, खाल्ल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायच्या. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून थकवा आणि मळमळ वाढते. ड्युओडेनम किरणांच्या वाटेतच असल्याने व्रण होऊ नये म्हणून आम्लता कमी करणारी गोळी या काळात आणि नंतरही काही दिवस चालू ठेवतात.

एका गोष्टीत मात्र घरच्या कोणीही वाट पाहायची नाही. ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला किंवा थंडी वाजून अंग थरथरले, तर त्याच रात्री रुग्णालय गाठायचे. सकाळी डॉक्टरांना फोन करू, असे नाही. केमोमुळे पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना किंवा पित्तनलिकेतला स्टेंट तुंबल्यामुळे होणारा संसर्ग काही तासांत जीवघेणा होऊ शकतो, आणि तुमच्या वडिलांना दोन्ही धोके एकाच वेळी आहेत. त्यांचा स्टेंट प्लास्टिकचा आहे की धातूचा, हे विचारून घ्या; प्लास्टिकचे स्टेंट लवकर तुंबतात आणि एवढ्या लांबच्या उपचारांसाठी धातूचा बरा. एकाच पायाला सूज आली किंवा अचानक धाप लागली तर रक्ताची गुठळी असू शकते. या रोगात ती इतर कर्करोगांपेक्षा अधिक आढळते.

वडिलांची जनुकीय चाचणीही मागून घ्या. बीआरसीएसारख्या जनुकात जन्मजात दोष निघाला, तर प्लॅटिनमवर्गीय औषधे अधिक परिणामकारक ठरतात, म्हणजे केमोची निवडच त्यावर ठरू शकते. आणि मग तुमची व तुमच्या भावाची चाचणीही करावी लागेल.

शस्त्रक्रिया होईलच असे वचन तुम्हाला कोणी देऊ शकणार नाही. प्रीओपँकमध्ये आधी केमोरेडिएशन घेतलेल्या दर १०० जणांपैकी ६१ जणांची गाठ काढता आली. उरलेल्यांसाठी उपचार थांबत नाहीत, केमो चालू राहते, वेदनांसाठी मज्जातंतूंच्या जाळ्यात इंजेक्शन देता येते. पण हे आकडे भावाला आजच सांगा, म्हणजे सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया झाली नाही तर तुमच्यात 'मी सांगत होतो' हे वाक्य येणार नाही.

राहिला प्रश्न वडिलांना सांगण्याचा. रेडिएशन विभागाच्या दारावरची पाटी ते वाचतील, प्रतीक्षागृहात शेजारी बसलेला माणूस त्यांना सरळ विचारेल की तुम्हाला कुठला कर्करोग आहे. बोटांतल्या मुंग्या, रात्री दोनला भरलेली थंडी, तेलकट शौच, हे सगळे त्यांनाच ओळखून तुम्हाला सांगायचे आहे, आणि ज्याला आपला आजार साधी गाठ वाटतो तो हे सांगत नाही. आकडे त्यांनी विचारले तरच द्या. रोगाचे नाव, पुढच्या सहा महिन्यांचा क्रम आणि शस्त्रक्रिया शेवटी का आहे, एवढे मात्र त्यांना माहीत असायला हवे. भावाला जमणार नाही असे वाटत असेल तर डॉक्टरांना तुमच्यासमोर सांगायला लावा. पण पोर्ट बसवण्याच्या तारखेच्या आधी सांगा. त्या दिवशी संमतिपत्रावर सही त्यांनाच करायची असते, आणि रोगाचे नाव त्यावर लिहिलेले असते.